साय की मोतिया

धायरीच्या आमच्या घराला पहिला रंग रियाजभाईंनी दिला, त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा सासूबाई होत्या. त्यांच्या खोलीसाठी त्यांनी फर्मावलं, "पांढरा नको. पण रंग दिलाय असंही दिसायला नको."

दुसरा रंगारी पळून गेला असता. रियाजभाई म्हणाले, "आई, घरातलं काहीतरी दाखवा, तसा करतो."

सासूबाईंनी देवापुढचा चाफा उचलून दिला. रियाजभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तासभर रंग कालवत बसले. पाकळीचा पिवळा जिथे संपतो ना, नेमका तिथला रंग भिंतीवर आला. सासूबाई त्याला साय म्हणायच्या. शेवटपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून जप करायच्या.

यंदा ती खोली पुन्हा रंगवायला काढली. रियाजभाईंनी दोन डबे आणले, एक साय, एक मोतिया. "दोन्हीचे पट्टे मारून ठेवतो, वहिनी. उद्या वाळल्यावर ठरवू."

सकाळी बघते तर दोन्ही पट्टे अगदी सारखे. मला वाटलं, माझंच वय झालं.

"डावीकडची साय, उजवीकडचा मोतिया," रियाजभाई ठामपणे म्हणाले. "फरक दिसतोय की!"

माझा मुलगा अभय डब्यांपाशी गेला. "काका, मोतियाचं सील तर तसंच आहे. फरक कंपनीलाही दिसला नसता."

मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. रियाजभाई स्टुलावर बसले. बराच वेळ ब्रश पुसत राहिले.

"वर्ष झालं, वहिनी. सगळं पिवळट दिसतं. लेक, आयेशा, मागे लागलीय ऑपरेशन करा म्हणून. पण डोळा बिघडला तर? मला दुसरं काय येतं?"

"आणि आता काय येतंय?" मी बोलून गेले. जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. मग म्हटलं, "खोली थांबेल. दुसऱ्या कुणाला देणार नाही. तुम्ही डोळा करून या."

दीड महिना खोली तशीच होती. रोज दिवा लावताना त्यांच्यासाठीही हात जोडत होते.

एका सकाळी ते लेकीबरोबर आले, काळा चष्मा लावून. एकाच डोळ्याचं झालं होतं. चष्मा काढून त्यांनी स्वतः मोतियाचं सील फोडलं, सायीशेजारी पट्टा ओढला आणि वाळेपर्यंत चहासुद्धा घेतला नाही. मग भिंतीपुढे उभं राहून एक डोळा झाकला, दुसरा झाकला, पुन्हा पहिला.

"आयेशा, इकडे ये! ह्या डोळ्यानं बघितलं तर दोन्ही तूप. ह्या डोळ्यानं..." ते थांबले. "वहिनी, साय घ्या. मोतियात निळा आहे. आईंना चालला नसता."

"अब्बा, आता दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची?" आयेशानं विचारलं.

"आधी ही खोली होऊ दे," ते म्हणाले, आणि बाह्या वर सारल्या.