आईची लाल साडी आणि माझा ट्रेल

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी जे सांगणार आहे त्यातला सगळ्यात मोठा गाढव मी स्वतः आहे. चहा ओता, सांगतो.

माझं लग्न जमत नव्हतं. पनवेलला नोकरी, माणगावच्या आत गाव, घरची भातशेती, माणूस धडधाकट. तरी कुठं जुळेना! का? आईचं उत्तर तयार असायचं. "त्या सायकलपायी! बायको पोसायच्या वयात हा सायकल पोसतोय." माझी सायकल म्हणजे जाड टायरची, गिअरवाली, डोंगरात चालवायची. तिला मी दर रविवारी आंघोळ घालायचो. स्वतःच्या आंघोळीचं कशाला विचारता?

आणि मग थळहून सांगून आलेल्या मृणालचा फोन आला.

"कांदेपोहे वगैरे नकोत हं. मीपण सायकल चालवते. तुमच्याकडे डोंगर आहे ना?"

"डोंगर? अहो, माझा स्वतःचा ट्रेल आहे!" मी ठोकून दिलं. "धारेवरच्या रानातून थेट नदीच्या घळीत!"

"काय सांगता! मग पुढच्या रविवारी येतेच, भावाला घेऊन."

ट्रेल कसला डोंबलाचा! गुरं जायची वाट होती, त्यातही गुरं चुकायची. पण मुलगी पहिल्यांदाच 'येते' म्हणाली होती. हे हुकलं की संपलं, पुढं जन्मभर सायकलशीच बोलायचं.

तर फोन आला त्याच रविवारी मी वाटेवर खुणा करायला निघालो. रानात उठून दिसेल असं काहीतरी लाल हवं. अंगणातल्या दोरीवर आईची जुनी लाल साडी होती. जुनी म्हणजे, मला जुनी वाटली. घेतली, टराटरा फाडली आणि निघालो. वळण आलं की झाडाला पट्टी, वळण आलं की झाडाला पट्टी. घळीच्या तोंडाशी एक थोराड आंबा आहे. तिथं ब्रेक दाबला नाही तर माणूस सरळ नदीत. म्हणून धोक्याची खूण म्हणून त्या आंब्याला अख्खा जरीचा पदर गुंडाळला. काय दिसत होता! मी स्वतःवरच खूश होऊन पनवेलला गेलो.

पुढच्या शनिवारी घरी येतो तर अंगणात बायकाच बायका. शेजारची सुमनकाकू चक्क आईच्या पाया पडत होती. माझ्या आईच्या! एरवी दोघींचं पाण्याच्या नळावरून वाजलेलं असतं.

"आई, काय झालं?"

"अरं, देवी परगटली! घळीच्या आंब्यावर! आनि साडी कोनाची नेसली हाय, म्हाईत हाय?" आईनं छातीवर हात ठेवला. "माझी! दोरीवरची! एवढ्या गावातून देवीला माझीच साडी आवडली रे!"

मी आईला बाजूला घ्यायला गेलो.

"आई, अगं, ती साडी ना..."

"गप! हात जोड आधी."

"थरथरतोय बघा पोरगा," सुमनकाकू म्हणाली. "अंगात येतंय का काय ह्याच्या?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? जन्मभर चुलीपाशी राबलेली माझी आई त्या दिवशी मधल्या पाटावर बसली होती, आणि बायका तिला हळदीकुंकू लावत होत्या. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता. मला खरंच भरून आलं. म्हटलं, मेलो तरी सांगणार नाही. पण मग मृणालचं काय?

"आई, उद्या पाहुणे येतायत. त्याच वाटेनं आम्ही सायकली घेऊन..."

"सायकली? देवीच्या वाटेवर? तिथं पायताण चालत न्हाय, आनि तू चाकं फिरवनार व्हय?"

झालं! कल्याण!

रविवारी मृणाल आली. हेल्मेट, हातमोजे, सगळा थाट. वाटेच्या तोंडाशी सुमनकाकू काठी घेऊन उभी. "चपला, बूट हितं काढा. सायकल न्यायची तर खांद्यावर. चाक टेकलं तर बघा!"

"ही तुमच्या ट्रेलची पद्धत आहे का?" मृणालनं विचारलं.

"आमच्याकडं असंच असतं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

निघाली वरात! पुढं नारळाची पिशवी घेऊन आई, मागं खांद्यावर सायकली घेतलेले आम्ही तिघं अनवाणी, आणि शेवटी काठी घेऊन सुमनकाकू. करवंदीचे काटे टोचत होते, मृणालचा भाऊ दर पावलाला "आई गं!" म्हणत होता, आणि माझी आई मागं वळून "काय रे बाळा?" विचारत होती. प्रत्येक पट्टीपाशी नारळ, उदबत्ती, नमस्कार.

चारपाच झाडं झाल्यावर मृणाल थांबली. पट्टी न्याहाळून हळूच म्हणाली, "देवी भारीच शिस्तीची आहे हो. डावं वळण आलं की डाव्या झाडावर, उजवं आलं की उजव्या."

मी आभाळ बघायला लागलो.

आंब्यापाशी आलो. खाली घळ बघून तिनं पदराकडं बघितलं. "आणि नेमकी ब्रेक मारायच्या जागी जरतारी!"

"तुमच्या पाया पडतो," मी कुजबुजलो. "आईला कळलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही तिला. लग्नाला नाही म्हणा, पण हे बोलू नका."

ती माझ्या रक्ताळलेल्या पायांकडं बघत राहिली. तेवढ्यात आईनं हात जोडून मोठ्यानं नवस बोलला.

"देवीआई, माझ्या पोराचं लगीन जमू दे! ह्याची सगळ्यात लाडकी वस्तू तुला वाहीन!"

मृणालनं माझ्या खांद्यावरच्या सायकलकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग तिला हसू आवरेना.

"मावशी," ती म्हणाली, "माझा होकार आहे."

जागच्या जागी! सुमनकाकू तर किंचाळलीच. "पावली! पावली!"

लग्न झालं. मृणालनं डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर नवी वाट शोधलीय, ती आपली झुईझुई उतरते आणि मी मागून धावतो. माझी सायकल? ती घळीच्या आंब्याला साखळीनं बांधलीय. हँडलला हळदकुंकू, सीटवर जास्वंद, पुढच्या चाकात नारळाची करवंटी.

दर रविवारी मी चपला काढून तिथं जातो, हात जोडतो आणि आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच चेनला तेल घालतो.

परवा सुमनकाकूनं बघितलंच. आता गावभर सांगत सुटलीय, "भगत असावा तर असा! देवीला तेल घालायला एक रविवार चुकवत न्हाय!"