मंदाबाईचा सायकस

आज शेजारची नवी सून विचारत आली, "मावशी, जयंतीच्या कमानीले सायकसची पानं देता का?" आणि मी एकदम ऐंशीच्या दशकातल्या एका एप्रिलात, ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरात जाऊन पोहोचले.

तेव्हा सायकस शेजारच्या मंदाबाईच्या दारात होता. खवल्याखवल्यांचा काळा बुंधा, वर हिरवीगार छत्री. वीजकेंद्राच्या बसमधून उतरणारा जो तो तिथंच थबकायचा. माझ्या मोगऱ्याकडं कुणी बघतही नसे. जीव नुसता जळायचा. शेवटी मीही कमानीचंच निमित्त काढलं. म्हटलं, "सारेच पानं लागतीन, बाई." तिनं हसत विळा पुढं केला, "ने ना, काप." काट्यांनी हात रक्ताळले, तरी मी एक पान ठेवलं नाही.

महिनाभरात त्या बोडक्या बुंध्यातून गुंडाळलेली, मऊ लव असलेली पानं एकदमच वर आली, पहिल्याहून दाट. "तुह्याच हातानं झाड सुधरलं व!" म्हणत मंदाबाईनं बुंध्याला फुटलेलं एक पिल्लू काढून माझ्या पदरात टाकलं.

त्याच पिल्लाचं आज माझ्या दारात हे झाड झालंय. सुनेची नजर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फिरली. ती नजर मी लगेच ओळखली.

"नाई व," मी म्हटलं, "पानं कापली का मरते हे झाड."