आधी जोहोर, मग रोम

त्या वर्षी सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये युरोप जेवणाच्या टेबलावर राहायला आला होता. दुकानातला सगळ्यात मोठा नकाशा मीच आणला होता. तो उलगडला की पोर्तुगाल फ्रिजखाली जायचा आणि पोलंड सोफ्यावर चढून बसायचा. ताटं समुद्रात ठेवून आम्ही जेवायचो. एकदा माझ्या हातून आमटी सांडली आणि ऑस्ट्रियात एक पिवळं तळं झालं.

बेत साधा होता. ॲमस्टरडॅमला गाडी भाड्याने घ्यायची, जर्मनी, ऑस्ट्रिया करत आल्प्स ओलांडायचा आणि रोमला गाडी परत करायची. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, कॉफी पिताना मित्रांना हे सांगता सांगता मी आणखी तीन-चार देश जोडत असे. एकदा तर ग्रीसपर्यंत पोचलो होतो, कप रिकामा झाला म्हणून थांबलो. महामार्गासाठी काचेवर कुठला स्टिकर लावायचा, इटलीतल्या जुन्या गावांत गाडी कुठवर नेता येते, सगळं मला पाठ. फक्त गाडी चालवून युगं लोटली होती. सिंगापुरात गाडी बाळगण्यापेक्षा हत्ती पाळणं स्वस्त पडतं, त्यामुळे आम्ही एमआरटीवाले, म्हणजे मेट्रोने फिरणारे, आणि माझं लायसन्स पाकिटात सुखाने निवृत्त झालेलं.

बायकोला हे पक्कं ठाऊक. तिने पर्याय काढून ठेवला होता: मराठी ग्रुप टूर, पुढे छत्री उंचावून चालणारा मॅनेजर, रोज संध्याकाळी वरणभात. तिचं बुकिंग सोमवारी बंद होणार होतं. त्याआधीच्या आठवड्यात तिने अट घातली.

"रविवारी आम्हाला गाडीने जोहोरला नेऊन आण. एक सीमा ओलांडून दाखव. जमलं तर रोम. नाही जमलं, तर सोमवारी मी टूरचे पैसे भरते."

जोहोर म्हणजे समोरच, पूल ओलांडला की मलेशिया. लोक तिथे केस कापायला जातात. "टूरच होणार लाह, बाबा," मुलगी फोनमधून मान वर न काढता तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

रविवारी भाड्याची गाडी घेतली. टाकी निम्मी होती. पेट्रोल भरायचं का, असं बायकोने विचारलं. मी तिला समजावलं, की पलीकडे पेट्रोल स्वस्त आहे, आणि ते माहीत असून इथे भरणारा माणूस पुण्याचा असूच शकत नाही. बायकोही पुण्याचीच. तिला पटलं.

सीमेवर, वुडलँड्सच्या चेकपॉइंटवर रांग अशी, की तिचं दुसरं टोक बहुधा थायलंडात असावं. तासन्‌तास इंचाइंचाने सरकत आम्ही पुढे पोचलो. अधिकारी वाकला, त्याने पेट्रोलचा काटा पाहिला आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, की सिंगापूरची गाडी पाऊण टाकी भरलेली असल्याशिवाय देशाबाहेर जात नाही. लोकांनी पलीकडच्या स्वस्त पेट्रोलवर टाकी भरून आणू नये म्हणून. म्हणजे मी येणार हे ओळखून या देशाने आधीच कायदा करून ठेवला होता! इतकी वर्षं आम्ही जोहोरला बसने गेलेलो, आणि बसच्या टाकीत कोण डोकावतं? त्याने दंड न करता ताकीद दिली आणि गाडी वळवायला लावली.

परतीच्या वाटेवर गाडीत आल्प्सपेक्षा जास्त थंडी होती. पहिल्या पंपावर थांबलो. युरोपात असला नियमच नसतो, हे मी सांगायला घेतलं तोवर बायको उतरून माझ्या दाराशी उभी होती.

"उतर. मागे बस."

तिने टाकी गळ्यापर्यंत भरली. ही बाई पुण्यात, लक्ष्मी रोडवर, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गाडी शिकलेली, आणि इथलं लायसन्सही काढून ठेवलेली. आता रांगेत ती अशी घुसली की दोन लॉऱ्यांनी आदराने वाट दिली. एक तर मला वाटतं नमस्कार करून गेली. तोच अधिकारी पुन्हा वाकला. त्याने काटा पाहिला, बायकोला पाहिलं, मग मागच्या सीटवर मला पाहिलं, आणि पुढे जायला हात हलवला.

जोहोरच्या हॉटेलात रोटी चनाई, म्हणजे तिथला पराठा, पुढ्यात आली तरी मी तिचे नुसते तुकडे करत बसलो. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि अट मी नेऊन आणण्याची होती. टूरही तशी वाईट नसते, वरणभात पचायला हलका, असं मी स्वतःहून म्हणालो.

बायको दुसरी रोटी डाळीत बुडवत होती. हात न धुताच तिने करंगळीने माझा फोन ओढला आणि त्यात मी आखून ठेवलेल्या मार्गातला ऑस्ट्रियातून इटलीत उतरणारा रस्ता मोठा करून पाहिला. "हा बोगदा कशाला घेतलायस?"

मी म्हणालो, वरचा घाट फार वळणावळणाचा आहे, नवख्या माणसाला झेपणार नाही.

"तू कुठे चालवणार आहेस?" ती म्हणाली, आणि तिने बोगदा काढून घाट टाकला.