दिवे गेल्यावर दिसलेला पांढरा टी-शर्ट

मॅनेजरसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि तिसऱ्यांदा सांगत होते, “शोभाताई, अजून झूम करा.”

मी माउसचं चाक फिरवलं. पडद्यावरचा माणूस मोठा झाला. चेहऱ्याच्या जागी सहा-सात राखाडी चौकोन दिसायला लागले. पुन्हा फिरवलं, तर तेच चौकोन फरशीएवढे झाले.

या चौकोनांना पिक्सेल म्हणतात. लग्नाआधी मी भिवंडीत लूमच्या कारखान्यात कापड तपासायचे, म्हणून मला हे लवकर समजलं. कापडात जेवढे धागे विणले तेवढेच असतात. भिंग धरलं तर धागे जाड दिसतात, वाढत नाहीत. कॅमेरा लांबच्या माणसाच्या तोंडाला सहा चौकोन देत असेल, तर नाक-डोळे त्यातच मावले पाहिजेत. ते मावत नाहीत. पण हे साहेबांना सांगायचं धाडस मला झालं नाही. मी नुसतं “नाही दिसत, साहेब,” म्हणाले.

राहनाळच्या आमच्या गोडाऊनमधून मोबाइलचा एक खोका गेला होता. आदल्या दिवशी दुपारी सव्वाच्या सुमाराला लाइट गेली. जनरेटर चालू व्हायला सहा-सात मिनिटं लागली, पण कॅमेरे बॅटरीवर चालू होते. तेवढ्या वेळात एक माणूस मागच्या रांगेतून खोका उचलून घेऊन जाताना कॅमेऱ्यात दिसत होता. अंगात पांढरा टी-शर्ट. पाठ आमच्याकडे, चेहरा किंचित वळलेला.

आमच्याकडे माणूस नावाने कमी आणि टी-शर्टने जास्त ओळखला जातो. पॅकिंगवाल्यांचा ठेकेदार पांढरे टी-शर्ट देतो, गाड्या भरणाऱ्यांचा काळे. “दोन पांढरे इकडे पाठव,” असंच वॉकीटॉकीवर बोलतात. त्या वेळी पॅकिंगवाले सगळे कॅन्टीनला जेवायला होते. एकटा काशिनाथ आत होता. तो अकलोलीकडच्या पाड्यावरचा. घरून भाकरी आणतो आणि टेपच्या मशीनजवळ बसून खातो. कॅन्टीनमध्ये त्याला अवघडल्यासारखं होतं. ते मला समजतं, मीसुद्धा डबा कॅमेरा रूममध्येच खाते.

म्हणजे आत पांढरा एकच, आणि व्हिडिओतही पांढरा एकच. झालं.

काशिनाथला माझ्या रूममध्ये आणून बसवलं. त्याला व्हिडिओ दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “माझ्यावानी दिसतो, पण तो मी न्हाय. मी जागेवरून उठलोच न्हाय.” मॅनेजरसाहेब म्हणाले, तुझं भूत उठलं असेल. पाच वाजता शिफ्ट सुटेपर्यंत खोका कुठे आहे ते सांग, नाहीतर पोलिसात नाव जाईल आणि फोटो ठेकेदारांच्या ग्रुपवर. त्या ग्रुपवर फोटो गेला की राहनाळपासून वडप्यापर्यंत एकही गोडाऊन दारात उभं करत नाही. त्याला नेलं आणि गेटजवळच्या बाकावर बसवलं.

तीन वाजले होते. सगळे गेल्यावर मी तोच तुकडा परत लावला. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक फोटो असतात, एकेका फोटोला फ्रेम म्हणतात. आमचा कॅमेरा सेकंदाला पंधरा काढतो. मी एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. माणसाकडे बघून कंटाळा आला, तेव्हा बाकीचं बघायला लागले. कापड तपासताना असंच करायचे. एकाच ठिकाणी टक लावली की डोळा फसतो.

कोपऱ्यात वजनकाटा दिसत होता. त्यावर पांढरं कव्हर.

मी थांबले. त्या काट्याचं कव्हर काळं आहे. मी या गोडाऊनमध्ये तीन वर्षं साफसफाईला होते आणि ते कव्हर मीच शिवलंय, पॉलिस्टरच्या उरलेल्या काळ्या तुकड्याचं. कुणी बदललं असेल का? मी खुर्चीवरून उठले आणि जवळजवळ धावतच मागच्या रांगेत गेले. कव्हर तिथेच होतं. काळं. माझीच टीप, एका बाजूला थोडी वाकडी.

परत येऊन लाइट जायच्या आधीची फ्रेम काढली. त्यात चित्र रंगीत आणि कव्हर काळं. लाइट गेल्यावर चित्र काळं-पांढरं झालेलं आणि कव्हर पांढरं. कॅमेरा तोच, काटा तोच, मध्ये दोन सेकंद गेलेले.

कॅमेरे बसवायला आलेल्या माणसाने एकदा सांगितलं होतं की अंधार झाला की कॅमेरा स्वतःचा एक उजेड टाकतो. आपल्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. मी तेव्हा मान हलवली होती. आता कळलं. आपल्या डोळ्यांना काळं दिसणारं कापड हा उजेड परत फेकत असेल, तर कॅमेरा त्याला पांढरंच दाखवणार. चित्र खोटं नव्हतं. आम्ही ते आपल्या डोळ्यांच्या हिशेबाने वाचत होतो.

हे सांगायचं कुणाला? मी चौथी शिकलेली. मॅनेजरसाहेबांपुढे माझा आवाज निघत नाही. मी सिक्युरिटीच्या सावंतसाहेबांकडे गेले. त्यांनीच मला झाडू सोडायला लावून या खुर्चीवर बसवलं होतं. बोलता बोलता माझं दोनदा अडलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “बोलून काय होणार? करून दाखवा.”

दुपारी चारला मागच्या रांगेचे दिवे बंद केले. मॅनेजरसाहेब, सावंतसाहेब आणि गाड्या भरणाऱ्यांचे मुकादम रफिकभाई माझ्या पडद्यासमोर उभे राहिले. मी रांगेत गेले. एका हातात पांढरा टी-शर्ट, दुसऱ्या हातात काळा. खोका उचलला होता तिथेच उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. अंधारात कॅमेऱ्याभोवतीचे बारीक लाल ठिपके तेवढे दिसत होते, त्यांचा उजेड नाही.

मग वॉकीटॉकीवर रफिकभाईंचा आवाज आला. “बहनजी, काला कौनसे हाथ में है?”

मी इतकी हसले की टी-शर्ट खाली पडला.

परत रूममध्ये आले, तर मॅनेजरसाहेब अजून पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, “म्हणजे काशिनाथ नव्हता, हे सिद्ध झालं?”

मला गप्प बसता आलं असतं. पण आज तोंड उघडलंच होतं. मी म्हणाले, “नाही, साहेब. तो होता की नव्हता, हे या चित्रावरून कळतच नाही. पांढरा असू शकतो, काळाही असू शकतो. काळे टी-शर्टवाले किती जण आत होते, ते विचारायला पाहिजे.”

“त्यांना विचारलं नाही का?” सावंतसाहेबांनी विचारलं.

रफिकभाई म्हणाले, “हमको किसने पूछा? आपका चोर तो सफेद था.”

त्यांनी तिथूनच आपल्या माणसांना हाका मारल्या. पाचव्या मिनिटाला एक जण हात पुसत आला. खोक्याचं विचारलं, तर सहज म्हणाला, हां, मीच नेला. काल दुपारी नाशिकची गाडी भरत होतो. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. रांगेच्या तोंडाला एक खोका सुटा पडलेला दिसला, वाटलं आपल्याच गाडीचा राहिलाय. टाकला. स्कॅन का नाही केला? लाइट नव्हती, मशीन नेट पकडत नव्हतं.

सावंतसाहेबांनी नाशिकच्या गोडाऊनला फोन लावला. तिकडे सकाळपासून एक खोका बाजूला ठेवलेला होता. यादीत नाही, कुणाचा ते कळत नाही, म्हणून. त्यांनी लेबलवरचा नंबर वाचला. मी कागदावर लिहून घेतला आणि आमच्या नंबराशी एकेक आकडा जुळवला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती.

काशिनाथला सांगायला मीच गेटवर गेले. तो उठून उभा राहिला. म्हणाला, “मंग मी जाऊ का? माझं पॅकिंग तसंच पडलंय.” आणि गेला.

मॅनेजरसाहेबांनी त्याची माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अजून चार कॅमेरे मागवले. झूम चांगला असलेले.

मी माझ्या रजिस्टरात एक बदल केला. पूर्वी कपड्यांच्या रकान्यात पांढरा, काळा, निळा असं लिहायचे. आता लाइट गेल्यावरचा व्हिडिओ असला की ‘रंग माहीत नाही’ असं लिहिते. वाचणाऱ्याला राग येतो, पण तो निदान आणखी कुणालातरी विचारतो.