सलग पंधरा तास

दिल्ली ते टोरंटो, विमानतळ ते विमानतळ, साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर. मध्ये थांबा नाही, साधारण पंधरा तास. हे मी वहीच्या पहिल्या ओळीवर लिहिलं आणि खाली बाकीचं मांडत गेले: वडसा ते नागपूर गाडीनं साडेतीन तास, नागपूर ते दिल्ली पावणेदोन, दिल्लीला बसून राहणं पाच.

जायचं होतं माझ्या धाकट्या बहिणीला. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. गारठा लागला किंवा पाणी कमी पडलं की तिचे सांधे धरतात, मग दवाखाना. लहानपणापासून तिला घेऊन कुठंही निघायचं म्हटलं की मी आधी विचारायची, तिथून दवाखाना किती वेळावर? इथे पंधरा तास दवाखानाच नव्हता.

तिचा मुलगा तिकडे नोकरीला. नात सात महिन्यांची झाली, ती हिनं मोबाईलवरच पाहिलेली. मुलाचे कागद अडकल्यामुळे त्याला वर्षभर तरी निघता येणार नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "हवेत सलग किती तास?" मी सांगितलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि जा म्हणाले. पाणी पीत राहायचं, अंग गरम ठेवायचं, अधूनमधून उठून चालायचं. तशी चिठ्ठीही दिली.

तरी मी वही घेऊन बसायचीच. दुबईवरून गेलं तर हवेतले तास तुटतात, पण एकूण वाढतात. लंडनवरून गेलं तर थंडी. चाळीस वर्षं तिच्या गोळ्या, तिच्यासाठी रक्त देणारे, तिचे रिपोर्ट मीच सांभाळले. मी थकले होते, आणि थकलेलं माणूस उगाच काम वाढवतं.

एका दुपारी ती आली आणि वही चाळायला लागली.

"बाई, हे काय लिवून राह्यली?"

"पायमोजे. तीन जोड."

"तीन पाय हायेत का मले?"

मी हसले नाही. ती पुढची पानं उलटत गेली.

"पाच पानं झाली. जायाची तारीख कुठी हाय?"

तारीख कुठेच नव्हती.

"डॉक्टर जा म्हणून महिना झाला. तू काऊन नाई म्हणून राह्यली?"

"मी कवा नाई म्हटलं?"

"म्हटलं नाई. लिवलं."

तिच्या गुडघ्यांना पहिल्यांदा कळ आली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तिला पाठीवर घेऊन मीच निघाले होते. तेव्हापासून ती माझ्या नजरेआड फार लांब गेलेली नाही.

"मंग दोन तिकिटं काढतो," मी म्हटलं. "मी येईन सोबत."

"तू येशीन, अन् सलग पंधरा तास माह्या तोंडाकडे पाहशीन. एकच काढ. पाणी मी माह्या हातानं पिईन."

मोबाईलवर प्रवासी किती असं विचारलं, तिथे मी एक टाकलं. तिनं तारीख सांगितली, तीही टाकली. तिकीट आलं. ती उठून मुलाला फोन करायला अंगणात गेली.

मला आता काही करायचं उरलं नव्हतं. मी तिथेच सतरंजीवर आडवी झाले. पाच वाजून गेले तरी उठावंसं वाटलं नाही.