लाचखाऊ साहेबांच्या सिनेमाचा शेवट

काल टीव्हीवर जुना सिनेमा लागणार म्हणून समोर नवी चादर अंथरली, खळीचा वास आला आणि मी थेट माहेरच्या, मागांच्या शुक्रवार पेठेत पोचले, वीस वर्षांची. तेव्हाही अशाच चादरीवर बसून आमची गल्ली लाचखाऊ साहेबांचा हाच सिनेमा बघत होती.

"अपना एकीच आदमी, वो बी दरवाजा खोलताय," सिनेमातल्या मुसलमान शिपायाकडे बोट दाखवत रिक्षावाले शेखचाचा म्हणाले.

"आमचा तेलुगू माणूस तर दारातबी न्हाय की!" माग चालवणाऱ्या लक्ष्मीअक्का म्हणाल्या. "लाच खायला तरी एक घ्यायचा!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसत हसत सगळ्यांचा चहा टाकायला उठले आणि शेवट हुकला.

काल पहिल्यांदा लक्षात आलं, शेवट जवळ आला तरी सिनेमात बाई एकच, तीही चहा घेऊन येते.

नवऱ्याला म्हटलं, "आज चहा तुम्ही टाका. मला शेवट बघायचाय."