बैठकीची जागा दर वेळी बदलते

जळगावच्या पोलीस मुख्यालयाच्या गेटवरून फोन आला तेव्हा पहारेकरी हसू दाबून बोलत होता. बाहेर एक म्हातारी आली आहे, कोणाला भेटायचं त्याचं नाव तिला सांगता येत नाही, पण ‘आमच्यावर नजर ठेवायचा तो धुळ्याचा भाऊ’ हवा आहे म्हणते. फोन स्पीकरवर होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “जा, तुमचं जुनं गिऱ्हाईक आलंय.” खोलीभर हशा पिकला. मीही हसलो, पण पायऱ्या उतरताना माझे कान गरम झाले होते.

जळगावला बदली होण्याआधी, तरुणपणी, मी धुळ्याला गोपनीय शाखेत होतो. साधे कपडे घालून सभा-मोर्च्यांना जायचं, कोण काय बोललं, किती जमले, पुढे काय करणार आहेत हे लिहून साहेबांकडे द्यायचं, हे काम. मी लिहिलेलं वर जाई, पण खाली सही माझी नसे. सोनगीरजवळच्या माझ्या गावी आईला मी एवढंच सांगितलं होतं की, ऑफिसात टपालाचं काम असतं. ती गेली तरी तिला खरं कळलं नाही. ज्यांच्या घरचं खाल्लं त्यांच्याच विरोधात लिहिलं, हे आईला सांगायची मला कधी छाती झाली नाही.

गेटवर अक्का उभी होती. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जे पाडे आहेत, तिथली. तिचा नवरा, ज्याला सगळे आबा म्हणत, तो तिथल्या वनजमिनीच्या संघटनेचा पुढारी. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन सरकारदप्तरी जंगल म्हणून लागलेली, ती आमच्या नावावर करा, एवढीच संघटनेची मागणी. मला काही वर्षं या संघटनेवरच नेमलं होतं.

पहिल्या दिवशी मी बियाण्याच्या कंपनीचा माणूस म्हणून गेलो होतो. आबाने मला खालून वर न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, “बियानं इकस आनि हातमा पिशवी नही?” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आपसात ते त्यांच्या पावरी बोलीत बोलत, माझ्याशी मात्र अहिराणीत, आणि अहिराणी माझ्या घरची भाषा, त्यामुळे टोमणा बरोबर जागी लागला. कुणी हाकललं नाही. बांधावर घोंगडी अंथरून मला बसवलं आणि बैठक सुरू झाली.

त्यानंतर मी पोचल्याशिवाय बैठक सुरू होईना. मोटारसायकल पंक्चर झाली तरी माणसं थांबून राहत. बोलणारा मध्येच थांबून माझ्याकडे बघे, माझं लिहून झालं की पुढे बोले. ही माझी टिंगल आहे, असं मी धरून चाललो होतो. आणखी एक गोष्ट मला खटके. बैठक एका जागी कधीच नसे. एकदा नाल्याकाठच्या वावरात, पुढच्या वेळी टेकडीमागच्या, त्यापुढे आणखी वरच्या. गावात शाळेचा ओटा रिकामा असताना हे लोक उन्हात वावरं का हिंडतात? मी अहवालात लिहिलं: ‘सदर संघटनेचे इसम बैठकीची जागा दर वेळी बदलतात. उद्देश संशयास्पद वाटतो.’

साहेबांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि मला शाबासकी दिली. नंतर जिल्ह्यात कुणी मंत्री यायचा झाला की आबाला आदल्या दिवशी ठाण्यात आणून बाकावर बसवून ठेवत. पेरणीच्या दिवसांतही. मी जाता-येता त्याला बघे. तो ओळख दाखवत नसे. मला वाटे राग असेल. आता समजतं, मी ओळखला गेलोय हे साहेबांना कळू नये म्हणून, माझी नोकरी सांभाळत होता तो.

गेटसमोरच्या टपरीवर मी अक्काला चहा पाजला. आबा काही वर्षांपूर्वीच गेला, हे मी ऐकलं होतं. तिने सांगितलं ते असं. वनहक्काच्या कायद्याखाली पाड्यातल्या बहुतेकांना पट्टे मिळाले. कायद्यातल्या तारखेच्या आधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवावं लागतं. लोकांकडे त्याचा पुरावा होता, तो म्हणजे वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केलं म्हणून ज्यांनी दंड भरला, त्यांच्याजवळ सरकारी शिक्क्याचा कागद राहिला. आबाने दंड कधी भरला नाही. दंड भरला म्हणजे आपण चोर ठरलो, असं त्याचं म्हणणं. त्याचा नांगर नेला, बैलांचं जू नेलं, पण पावती त्याने घेतली नाही. ज्याने सगळ्यांना लढायला उभं केलं त्याच्याच वावराला पुरावा नव्हता. अक्काचा दावा फेटाळला गेला होता. पुन्हा सुनावणी मिळाली होती, पण या वेळीही काही दाखवता आलं नाही तर वावर गेलं.

मी विचारलं, मी यात काय करू शकतो. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

“आबा म्हने, हाऊ मानूस जठे बसस, तठलं लिखस. मंग त्याले बठ्ठास्ना वावरमा बसाडूत.”

चहाचा ग्लास मी खाली ठेवला. म्हणजे पोलिसांना चुकवायला जागा बदलत नव्हते ते. मला घेऊन हिंडत होते. एकेका घराच्या वावरात सरकारचा माणूस बसवायचा, त्याने समोर जे पीक दिसेल ते लिहायचं, आणि तो कागद सरकारच्या कपाटात जपून राहायचा. स्वतःजवळ ठेवलेला कागद घर जळालं तर जातो, वाळवी लागली तर जातो. सरकारने आपल्यावर ठेवलेला कागद सरकार जपेल, असा आबाचा हिशेब. मी संशय लिहीत होतो आणि ते माझ्याकडून साक्ष लिहून घेत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला याहून हुशार माणूस भेटला नाही, आणि मी त्याला बाकावर बसवलं.

आबा-अक्काच्या वावरातली बैठक मला लख्ख आठवत होती. मका पुरुषभर उंच उभा होता. मी बांधावर, माझ्या मागे मोहाचं झाड, पुढे आबा बोलत होता, आणि अक्काने भाजलेली कणसं माझ्या हातात दिली होती. अहवालात मी ‘मक्याचे उभे पीक असलेल्या शेतात’ असं लिहिलं होतं. पिकामुळे मागे बसलेले लोक मोजता आले नाहीत, हे साहेबांना पटवायला तेवढं लिहावं लागलं होतं.

मी धुळ्याला फोन लावला. त्या शाखेतला जुना कारकून ओळखीचा. तो म्हणाला, बाबा रे, ते कागद मुदत संपली तसे नियमाने नष्ट केले, आणि असते तरी ते गोपनीय, बाहेर कुणी देणार नाही. हे मी अक्काला सांगितलं तेव्हा माझी मान खाली होती. आबाचा हिशेब एवढ्या एका ठिकाणी चुकला होता. सरकार आपल्यावरचा कागद कायम जपतं, असं त्याला वाटलं होतं.

अक्काने उरलेला चहा संपवला. मग म्हणाली, “कागद जळी गया. तू त जित्ता शे ना, भाऊ?”

साक्ष द्यायला येतो, असा होकार मी त्या दिवशी तिला दिला नाही. शिरपूरच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, बाकावरच्या आबासकट. ती म्हणाली, मग बसलात कशाला, अर्ज लिहा. दुसऱ्या दिवशी मी आमच्या पोलीस अधीक्षक बाईसाहेबांपुढे परवानगीचा अर्ज ठेवला. शाखेत असताना काय केलं ते बोलायचं नाही, ही आमची शिस्त. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. अहवालात काय होतं ते बोलायचं नाही, वावरात काय पाहिलं ते सांगायला कुणाची हरकत असायचं कारण नाही, असं म्हणून त्यांनी परवानगी लिहून दिली. मग मान वर करून म्हणाल्या, “आणि इस्त्रीचा युनिफॉर्म घालून जा.”

चोपड्यावरून शिरपूरला मी गणवेशात गेलो. त्या लोकांनी मला गणवेशात कधी पाहिलंच नव्हतं. प्रांत कार्यालयाच्या व्हरांड्यात पाड्यातली माणसं बसली होती. त्यांना ओलांडून मी आत गेलो.

मी सांगितलं ते थोडक्यात होतं: कायद्यातल्या तारखेच्या आधी मी त्या वावरात गेलो होतो, मका उभा होता, बांध जुना होता, कसणारे हे दोघं नवरा-बायको होते. वनखात्याच्या अधिकाऱ्याने रास्त प्रश्न विचारला. धुळ्याचा पोलीस डोंगरातल्या मक्याच्या वावरात कशाला गेला होता? उत्तर टाळता आलं असतं. नोकरीच्या कामाने, एवढ्यावर भागलं असतं. पण दार उघडं होतं आणि व्हरांड्यातली माणसं ऐकत होती.

मी म्हणालो, “या लोकांवर पाळत ठेवायला गेलो होतो. त्यांचा मका खाऊन त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं. मका मात्र खरा होता.”

बाहेरून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “ते त आमले पह्यल्या दिनपाईन ठाऊक शे.” व्हरांडा हसला. प्रांतसाहेबही हसले आणि त्यांनी जबाब माझ्यापुढे सरकवला. त्या माणसांबद्दलच्या कागदावर मी पहिल्यांदा माझं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा आणि बक्कल नंबरासह. अक्षर चांगलं आलं. मला त्या सहीचा अभिमान आहे. नोकरीत मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा जास्त आहे.

दावा मंजूर झाला. जीपीएसचं यंत्र घेऊन मोजणीची माणसं पाड्यावर यायची ठरली तेव्हा अक्काने निरोप पाठवला आणि मी रजा टाकून गेलो. तीन बाजू सरळ मोजल्या गेल्या. चौथ्या बाजूचा बांध मधल्या पावसांत वाहून गेला होता. वनखात्याचा माणूस म्हणत होता की, वावर अलीकडेच संपतं. पाड्यातले म्हणत होते, पुढे आहे. मोहाचं झाड तेवढं जागेवर होतं.

अक्का माझ्याकडे वळली. “भाऊ, पह्यले बसे तठेच बसी जाय.”

मी मोहाखाली गेलो. झाडाला पाठ लावली, समोरची टेकडी पाहिली, नाल्याचं वळण पाहिलं, आणि दोन पावलं डावीकडे सरकून खाली बसलो. इथेच बांध होता, असं मोठ्याने सांगितलं. यंत्रवाला आला, माझ्या गुडघ्याजवळ उभा राहिला. वनखात्याच्या माणसाने टेकडीकडे आणि परत माझ्याकडे पाहिलं, आणि होकारार्थी मान हलवली. यंत्र वाजलं.

पुढच्या कोपऱ्याकडे जाताना यंत्रवाला म्हणाला, उठा आता, झालं. पण अक्का कणसं घेऊन येत होती. उठू नको, असं तिने आधीच हाताने खुणावलं होतं, म्हणून मी तिथेच बसून राहिलो.